हॉटेलच्या कुंपणापलीकडचं मॉरिशस

गेल्या अंकात एका उत्तरात मॉरिशसचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांची रीघ लागली. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे: कोणतं हॉटेल घ्यावं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी तिथे पर्यटक म्हणून कधी राहिलेच नाही. कपड्यांच्या एका निर्यात कारखान्यात माझी नोकरी होती आणि घर होतं कात्र बॉर्न शहरात, समुद्रापासून लांब, कोर द गार्द डोंगराच्या बाजूला. त्यामुळे किनाऱ्याबद्दल कमी आणि उरलेल्या बेटाबद्दल जास्त सांगेन. तुमच्या पॅकेजवाल्याचं नेमकं उलटं असतं, तेव्हा दोन्ही मिळून हिशोब जमेल.

प्रश्न: आम्ही दोघं पन्नाशीतले. मुलाने जानेवारीतलं सहा रात्रींचं पॅकेज शोधलंय, पूर्व किनाऱ्यावरच्या हॉटेलचं. जाऊबाई म्हणतात, जानेवारीत वादळं असतात, जुलैत जा. कोणाचं ऐकू?

जाऊबाईंचं ऐका, पण हॉटेलचा किनारा बदला.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे ऋतू उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा. दमट हवा, मधेच कोसळणारा पाऊस, आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळांची टांगती तलवार. दरवर्षी वादळ बेटावर येतंच असं नाही. पण आलं तर इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात आणि तिसरी पायरी जाहीर झाली की बस बंद, दुकानं बंद, सगळे घरात. २०२४ च्या जानेवारीत बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. ज्यांच्याकडे महिनाभर वेळ आहे त्यांनी जानेवारीचा जुगार खेळावा. सहा रात्रींतल्या दोन खोलीत बसून काढाव्या लागल्या तर परवडणार नाही.

आता जुलैचं. हवा छान, आकाश मोकळं, ऊस उभा किंवा नुकती तोड सुरू झालेली. पण त्या महिन्यांत आग्नेयेकडून वारा सुटतो आणि तो थेट पूर्व किनाऱ्यावर आदळतो. तिथल्या बेल मारची वाळू पांढरीशुभ्र, पाणी सुरेख. पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे टॉवेल अंथरून बसलात की पायाला वाळू टोचते आणि पुस्तकाचं पान हाताने धरून ठेवावं लागतं. मधले डोंगर वारा अडवतात, म्हणून पश्चिमेला फ्लिक-अं-फ्लाकला किंवा वायव्येला त्रू-ओ-बिशला तेव्हा समुद्र शांत असतो. पॅकेजवाल्याला हॉटेलचे तारे नंतर विचारा, आधी किनारा विचारा.

माझ्या मनातला महिना म्हणाल तर ऑक्टोबर. वारा मंदावलेला, पाणी कोमट व्हायला लागलेलं, आणि पाऊस अजून लांब. डिसेंबरमध्ये गुलमोहर फुलतो आणि रस्त्याकडेला लिचीचे घोस विकायला येतात, त्यासाठी मात्र मी थोडा घाम सहन करायला तयार असते.

एक स्वेटर घ्या. किनाऱ्यावर ऊन असताना मधल्या पठारावरच्या क्युरपिपला हमखास भुरभुर असते. आणि जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. दिवस लवकर सुरू करा, उशिरा उठून नाश्त्याच्या टेबलावर रेंगाळलात तर हातात काहीच उरत नाही.

प्रश्न: सासूबाई कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सात दिवसांचे थेपले आणि तयार खिचडीची पाकिटं न्यावीत का? हॉटेलचं तिन्ही वेळच्या जेवणासकटचं पॅकेज बरं पडेल का?

थेपले विमानापुरते न्या. आणि तिन्ही वेळचं जेवण हॉटेलात अजिबात बांधून घेऊ नका, फक्त नाश्ता घ्या. मॉरिशसमधलं सगळ्यात चांगलं शाकाहारी खाणं रस्त्यावर मिळतं आणि ते दुपारी दोनच्या आत संपतं.

त्याचा राजा म्हणजे दालपुरी. बिहारकडून गेलेल्या मजुरांनी नेलेला पदार्थ, आज तिथले हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे क्रेओल, प्रत्येकजण खातो. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून कोरडी वाटतात, ती मैद्याच्या पारीत भरतात आणि पुरी इतकी पातळ लाटतात की तव्यावरून उचलताना हाताच्या दोन्ही बाजूंनी लोंबते. तळत नाहीत, भाजतात. विक्रेत्याच्या स्कूटरवर मागे काचेची पेटी असते. झाकण उघडलं की वाफ आणि हळदीचा वास येतो. तो कागदावर दोन पुऱ्या एकमेकींवर अर्ध्या सरकवून ठेवतो, कारण दालपुरी जोडीनेच विकतात. त्यावर पांढऱ्या मोठ्या वालांसारख्या दाण्यांची रस्सेदार उसळ, तिला ग्रो प्वा म्हणतात. मग रुगाय, म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, मग कोथिंबिरीची चटणी. शेवटी चमचा हवेत धरून विचारतो, पिमां? म्हणजे मिरची. ती आपल्या ठेच्याची सख्खी बहीण आहे. सासूबाईंना ‘तिगीट’ म्हणायला शिकवा, म्हणजे थोडीशी. हो म्हटलं तर मागची रांग तुमच्या डोळ्यांतलं पाणी बघून हसते. मग एका झटक्यात गुंडाळी होते आणि कागदाची दोन्ही टोकं आत दुमडली जातात. चालता चालता खा. डाळीचा भुगा कपड्यांवर सांडणारच.

दुसरा पदार्थ गातो पिमां, डाळीचे मिरची घातलेले छोटे वडे. लोक सकाळी ते लोणी लावलेल्या पावात चिरडून घालतात आणि चहाबरोबर खातात. आमच्या कारखान्यात पहिल्या पाळीचा निम्मा वर्ग हाच नाश्ता करायचा. पोर्ट लुईच्या मंडईत आलुदा प्या: थंड दूध, सब्जा, आगर-आगरची जेली. अननस विकणारा दिसला की थांबा. तिथला व्हिक्टोरिया अननस छोटा आणि फार गोड. देठाला धरून तिरप्या नागमोडी खाचा पाडत सोलतात आणि तिखटमीठ लावून हातात देतात.

आता जपायचं काय. तळलेल्या नूडल्समध्ये अंडं असतं आणि बऱ्याचदा ऑयस्टर सॉसही. ‘मॅजिक बोल’ नावाचा उपडा घातलेला भात मिळतो, त्याच्या डोक्यावर तळलेलं अंडं ठरलेलं. रुगायमध्ये कधी खारवलेली मासळी असते, म्हणून जेवणाच्या दुकानात बसून मागवताना विचारून घ्या. समोसे आणि फिशकेक एकाच कढईत तळलेले दिसले तर पुढे चला. ‘व्हेज’ हा शब्द सगळीकडे कळतो, अंडं नको हे मात्र स्वतंत्र सांगावं लागतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची पंचाईत आहे, त्यांनी खिचडीची पाकिटं खरंच न्यावीत.

तमिळ कुटुंबातल्या लग्नाचं किंवा देवळातल्या जेवणाचं आमंत्रण कुणी दिलं तर बाकी सगळे बेत रद्द करा. केळीच्या पानावर सात भाज्या, भोपळा, फणस, कच्ची केळी, वर रस्समसारखं सार, सगळं शाकाहारी. सासूबाई तिथून उठायच्या नाहीत.

प्रश्न: मला ल मॉर्नजवळचा समुद्राखालचा धबधबा पाहायचा आहे. इंटरनेटवर फोटो पाहिल्यापासून झोप नाही. बोटीने जाता येतं का? आणि तो डोंगर चढता येतो का? वय २४, ट्रेकची सवय आहे.

धबधबा नाही रे तो. प्रवाळाच्या कड्याबाहेर समुद्राचा तळ एकदम खोल जातो आणि लाटांच्या प्रवाहाने वाळू आणि गाळ त्या उतारावरून ओढला जातो. वरून पाहिलं की पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांमुळे पाणी कोसळतंय असं वाटतं. बोटीतून काहीही दिसत नाही, ते दृश्य हेलिकॉप्टरमधूनच आहे. पैसे असतील तर जरूर जा, पण बोटवाल्याने ‘दाखवतो’ म्हटलं तर वाट धर.

डोंगर मात्र चढच. ल मॉर्न ब्राबाँ ५५६ मीटर उंच आहे. सार्वजनिक वाट अगदी माथ्यापर्यंत जात नाही, लोखंडी क्रूसापाशी संपते. पहिला भाग साधी चाल, गाडीरस्त्यासारखा. मग फाटक लागतं आणि शेवटचा टप्पा हातपाय वापरून बसाल्टच्या कातळावर चढायचा आहे. चढताना मजा वाटते, उतरताना गुडघे कळतात. सकाळी लवकर निघ. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी सोडून दे, ओला कातळ वाईट घसरतो. स्पोर्ट्स शूजचा तळ झिजला असेल तर नवे घे, डोंगर तोच राहणार आहे.

वर जाताना लाल घंटेसारखं फूल दिसतंय का बघ. ते मॉरिशसचं राष्ट्रीय फूल, ट्रोकेशिया, आणि निसर्गात ते याच एका डोंगरावर उगवतं. तोडू नको.

आणि हा फक्त ट्रेक नाही. उसाच्या मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या गुहांत आणि माथ्यावर लपून राहायचे. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी संपली. सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर येऊ लागले, तेव्हा ते पकडायला आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. २००८ पासून हा डोंगर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वर पोचल्यावर स्पीकर लावणाऱ्या मंडळींत तू नसशील असं धरून चालते.

प्रश्न: तामारिनच्या खाडीत डॉल्फिनबरोबर पोहायची सहल मिळते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी ह्यांना ती भेट द्यायची आहे. कशी असते?

दुसरी भेट शोधा.

ते डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ खाडीत विश्रांतीला येतात. नेमक्या त्या वेळी बोटींचा ताफा त्यांच्याभोवती जमतो. डॉल्फिन दिसले की इंजिनं वाढतात, लोक धपाधप उड्या मारतात, डॉल्फिन बुडी मारून पुढे सरकतात, आणि बोटी पुन्हा मागे. अंतर राखायचे नियम आहेत. ते किती पाळले जातात हे किनाऱ्यावर उभं राहूनही दिसतं.

ह्यांना बरं पोहता येत असेल तर ‘ब्लू बे’ नावाच्या खाडीत घेऊन जा. संरक्षित सागरी उद्यान आहे, काचेच्या तळाच्या बोटीतून किंवा तोंडाला नळी लावून प्रवाळ आणि मासे पाहता येतात. सनस्क्रीन फासण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला आणि प्रवाळावर उभं राहू नका. दमलात तर पाठीवर तरंगा.

प्रश्न: समुद्र सुरक्षित आहे का? मला जेमतेम पोहता येतं.

प्रवाळाचा कडा जवळजवळ सगळ्या बेटाला वेढून आहे, त्याच्या आतलं पाणी तळ्यासारखं. अपवाद दक्षिणेचा. सुयाकजवळ ग्री-ग्रीला तो कडा तुटलेला आहे आणि समुद्र थेट खडकावर आपटतो. तिथे उभं राहून बघायचं, पाण्यात जायचं नाही.

रबरी तळाचे पाण्यातले बूट विकत घ्या आणि उथळ पाण्यातही काढू नका. समुद्री साळू टोचतो, आणि दगडासारखा दिसणारा लाफ नावाचा विषारी मासा तळाशी न हलता पडून असतो. पाय पडलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून तसंच दवाखान्यात. गरम पाण्याने वेदना कमी होतात, उपचार मात्र डॉक्टरच करतात.

प्रश्न: मुलं नऊ आणि बारा वर्षांची. त्यांना प्राण्यांचं वेड आहे. डोडो तर गेला, आता तिथे पाहण्यासारखं काय उरलं?

डोडो सतराव्या शतकात संपला. त्याचा सांगाडा पोर्ट लुईच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, तासाभरात बघून होतो. पण मुलांना खरी गोष्ट दाखवायची तर माहेबुर्गजवळच्या इल-ओ-एग्रेतला न्या. किनाऱ्यावरून काही मिनिटांचा बोटीचा प्रवास, बेट जेमतेम २६ हेक्टरचं, आणि वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. (पूर्वेला इल-ओ-सेर्फ नावाचं दुसरं बेट आहे, बार्बेक्यू आणि स्पीडबोटींचं. पॅकेजमध्ये ते घुसडलेलं असतं. नावं सारखी वाटतात म्हणून बुकिंग करताना नीट वाचा.)

तिथे महाकाय कासवं मोकळी फिरतात. ती मूळची मॉरिशसची नाहीत, सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांची आहेत. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं माणसांनी खाऊन संपवली. मग एबनी वृक्षांची फळं खाऊन बी लांब नेऊन टाकणारं कुणी उरलं नाही, आणि नवी रोपं जुन्या झाडांच्या पायाशीच अडकली. म्हणून परक्या कासवांना या कामावर ठेवलं. मुलांना झुडपात कासवाची वाळलेली लीद दिसली तर वाटाड्या त्यातली बी दाखवतो. धाकट्याला हा भाग सगळ्यात आवडेल, मी लिहून देते.

गुलाबी कबुतरही तिथेच दिसेल. १९९० च्या सुमारास जंगलात त्यांची संख्या दहाच्या आसपास उरली होती. मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या ससाण्याचे तर १९७४ मध्ये ज्ञात असलेले चारच पक्षी होते. पिंजऱ्यात वाढवून, घरट्यातली अंडी सांभाळून दोघांनाही परत आणलं. त्यासाठी राबणारी संस्था, मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन, हे बेट सांभाळते आणि तुमचं तिकीट त्यांच्याच कामाला जातं.

एक दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानासाठी ठेवा. पेट्रँच्या बाजूने आत शिरलात तर माकाबेच्या वाटेवर मुलांनाही चालता येतं. साधारण मार्च ते जूनमध्ये गेलात तर वाटेच्या दोन्ही बाजूंना छोटे लालबुंद पेरू लगडलेले असतात. स्थानिक लोक बादल्या भरून नेतात, मीठ-मिरची लावून खातात. तुम्हीही मनसोक्त खा, काही हरकत नाही: तो चिनी पेरू ब्राझीलमधून आला आणि त्याच्या दाटीत देशी झाडांचं रोप तगत नाही. स्वयंसेवक वर्षानुवर्षं तो उपटतायत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. मॉरिशसमधल्या मराठी लोकांबद्दल ऐकून आहे. एकटी जाणार आहे. त्यांना भेटता येईल का? आणि एकटीने फिरणं जमेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. जमेल. रस्त्यावर गाड्या डाव्या बाजूने, इंग्रजी बहुतेकांना कळते, हिंदीही बरीच चालते. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, बाकी बेटभर बस. संध्याकाळनंतर बस विरळ होतात, एवढं धरून परतीचं ठरवा. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडं ठरवायचं, बसल्यावर नाही. तिथलाही रुपयाच, पण आपल्या रुपयापेक्षा महाग, तेव्हा आकडा ऐकून स्वस्त समजू नका.

सुरुवात पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटापासून करा. गुलामगिरी संपत असताना मळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ जण उतरले आणि पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं करारावर आली. २००६ पासून घाट जागतिक वारसा आहे, प्रवेश फुकट, रविवारी बंद. जागा इतकी लहान की घाई केली तर वीस मिनिटांत बाहेर पडाल. काळ्या दगडाच्या त्या सोळा पायऱ्या बघा. बंदरात उतरलेले मजूर त्या चढले, मग मळ्यावर रवानगी होण्याआधी इथल्या छपराखाली थांबले. बाजूच्या दालनात जहाजांच्या याद्या आहेत, शिक्षिकेला तिथे तास सहज लागेल.

मराठी मंडळी बहुतांशी कोकणातून गेली. पश्चिमेला कास्काव्हेल, पठारावर व्हाक्वा या भागांत त्यांची वस्ती आहे. गणेश चतुर्थीनिमित्त तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. जमलं तर तेव्हाच जा. घरोघरी गणपती असतो, जाखडी नाचतात, आणि विसर्जनाला मिरवणुका नदी-समुद्राकडे जातात. अनोळखी बाईला प्रसादाशिवाय कुणी जाऊ देणार नाही.

पण अपेक्षा नीट ठेवा. घरात बोलतात ते क्रेओल, फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात. माझ्या विभागातली एक पर्यवेक्षक मराठी होती, तिची वाक्यं पाठ्यपुस्तकातून थेट उतरलेली: ‘मी आपली अत्यंत ऋणी आहे’ असं ती चहाच्या कपासाठी म्हणायची, आणि ओव्या मात्र आजीच्या आवाजात म्हणायची. तुम्ही मराठीत विचारलं आणि उत्तर क्रेओलमध्ये आलं तर हिरमुसू नका. तिच्या घरी पणजोबांच्या नोंदीची प्रत फ्रेम करून लावली होती: क्रमांक, जहाज, गाव, वडिलांचं नाव. अशा नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आजचे बरेच मराठी वंशज आपल्या मूळ गावाचा पत्ता त्यांतूनच शोधतात. तुम्ही कोकणातल्या गावांची नावं ओळखत असाल तर त्यांना तुमचा फार उपयोग होईल.

गंगा तलावला नेतीलच कुणीतरी. डोंगरातल्या विवरातलं तळं, काठावर शंकराची उंच मूर्ती. महाशिवरात्रीच्या आठवड्यात लाखो लोक कावड घेऊन चालत येतात. तुम्हाला चालायचं असेल तर सामील व्हा, गाडीने जायचं असेल तर तो आठवडा टाळा.

प्रश्न: शंख-शिंपले आणि थोडं प्रवाळ आणता येईल का? नातवंडांना द्यायला.

नाही. किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी नाही, कायद्याने बंदी आहे. नातवंडांना बो प्लाँच्या जुन्या साखर कारखान्यातल्या संग्रहालयातून वेगवेगळ्या रंगांच्या कच्च्या साखरेच्या पुड्या आणा, आणि मोठ्यांना बोआ शेरीचा व्हॅनिला चहा. चहा सुपरमार्केटमधून घ्या, विमानतळावर तोच महाग मिळतो.